पायाला बांधलेला धागा

कांडी रडायची थांबली त्याला दहा दिवस झाले होते, आणि घरात सगळे माझं कौतुक करत होते. मीही करून घेत होते. नको नको म्हणत मागे सरणाऱ्यांतली मी नाही.

कांडी म्हणजे माझी नात, सात महिन्यांची. जन्मली तेव्हा कापडात गुंडाळलेली अगदी मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांडीएवढी दिसली, म्हणून ते नाव मीच पाडलं. तीस वर्षं मागावर उभी राहिलेली बाई मी. मला माणसंही सुतासारखीच दिसतात. कुठलं पक्कं, कुठलं कच्चं, कुठलं नुसतं खळ लावून ताठ केलेलं. सून खळीतली, असं माझं मत होतं.

ती लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि घरी आलं की डब्यांवर. तिची रजा संपत आली तेव्हा तिने जेवताना विषय काढला.

"आई, कांडीला आता स्वतःची स्वतः झोपायला शिकवायला हवं."

"झोप म्हणजे काय पाढे आहेत?"

"तसं नाही हो. जागी असतानाच पलंगात ठेवायचं आणि बाहेर यायचं. रडली तर तीन मिनिटांनी जायचं, थोपटायचं, पण उचलायचं नाही. मग पाच मिनिटांनी. मुलं शिकतात."

"आणि नाही शिकली तर वर्ग बदलून देतात का?"

मुलगा वाटीत तोंड घालून हसला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वर आणि खाली यांच्यामध्ये अडकलेल्या माणसांना सोडवायचं त्याचं काम, पण घरात आम्हा दोघींच्या मध्ये तो स्वतःच अडकलेला असतो.

सून हसली नाही. म्हणाली, "मांडीवर हलवल्याशिवाय ती झोपत नाही. तासन् तास हलवायचं म्हणजे तुमचे गुडघे जातील. तुम्हाला झेपलं नाही तर पाळणाघर आहे."

झेपलं नाही तर. हा शब्द मला अजून कुणी ऐकवला नव्हता. माझ्या घरातलं पोर परक्या बाईच्या चटईवर दहा पोरांत पडणार, आणि लोक म्हणणार की आजी थकली. मी म्हटलं, "ठेव माझ्याकडे. तुझी तीन मिनिटं आणि पाच मिनिटं मला लिहून दे."

तिने खरंच लिहून दिलं. मोठ्या अक्षरांत, कारण चौथीपुढे मी शाळा पाहिली नाही हे तिला माहीत होतं.

पहिल्या दुपारी दूध पाजून मी कांडीला मागच्या खोलीत कठड्याच्या पलंगात ठेवलं, दार लोटलं आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. तिथे खिडकीशी माझं टेबल आहे. कारखान्यातून कापडाचे ताके येतात, मी त्यांतल्या खोटी हेरून सुईने भरून काढते. तुटलेला धागा, सुटलेला धागा, गाठ. नजर अजून अशी आहे की पोरींना भिंगातून दिसत नाही ते मला नुसतं दिसतं. तीन मिनिटं झाली. काही आवाज नाही. पाच झाली. काही नाही. तासाभराने दार उघडलं तर बाईसाहेब गाढ झोपलेल्या.

संध्याकाळी मी सुनेला म्हटलं, "शिकली तुझी लेक. एका दिवसात."

"रडली नाही?"

"हूं की चूं नाही. मास्तर कोण आहे ते बघून पोरं वागतात."

तिचा चेहरा उतरला. कारण संध्याकाळी तिने तेच करून पाहिलं की कांडी चाळीस-चाळीस मिनिटं टाहो फोडायची. दाराबाहेर घड्याळ हातात धरून सून स्वतः रडायची. ते मी डोळ्यांनी पाहत होते. माझ्याकडे मात्र रोज दुपारी शांतता. मी तिला सल्ले द्यायला लागले. देवाशपथ सांगते, मनापासून देत होते.

दोन आठवडे असे गेले. मग काही बारीकसारीक दिसायला लागलं. झोपलेल्या कांडीच्या कानांपाशी केस ओले असायचे. मला वाटलं, घाम. संध्याकाळी सून म्हणाली, "हिचा घसा बसलाय. आवाज घोगरा येतोय." डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, फार रडते का? सुनेने मान खाली घातली. तिला वाटलं, तिच्याच त्या चाळीस मिनिटांनी लेकराचा घसा फाटला. मी गाडीत तिला म्हटलं, "जाऊ दे, तुझ्याकडून होत नसेल तर नको करूस." किती मोठं मन माझं.

खालच्या मजल्यावर शिंपीण राहते. जिन्यात तिने मला अडवलं. "काकू, बाळाला बरं नाहीये का? दुपारी फार रडतं हो. मला मशीन चालवताना पण ऐकू येतं."

"तुझ्या मशीनला तेल घाल," मी म्हटलं. "तीच रडते."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, मेली जळते. तिची सून तिला नातू दाखवायलासुद्धा आणत नाही.

मग तो मंगळवार. कात्री सापडेना. सकाळी कांडीची नखं कापली तेव्हा ती मागच्या खोलीत राहिली असणार, म्हणून मी पाय न वाजवता गेले आणि दार इंचभर उघडलं.

कांडी पलंगात बसली होती. दोन्ही मुठींत कठडा. तोंड एवढं उघडं की आतला टाळा दिसत होता. चेहरा लाल नाही, त्याच्याही पुढच्या रंगाचा. डोळ्यांतून, नाकातून धारा. मानेच्या शिरा ताणलेल्या. आणि खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की पोरीची वाचा गेली.

मी तिला उचललं, छातीशी धरलं. माझ्या हाडाला तिचा सगळा देह थरथरताना लागत होता, मागाच्या चौकटीला हात लावल्यावर लागतो तसा. माग चालू असल्याशिवाय चौकट थरथरत नाही. मी एका हाताने तिला धरून कपाटावरचा पत्र्याचा डबा ढकलला. तो फरशीवर पडला, गरगरला, झाकण कोपऱ्यात गेलं. कांडी दचकली. मी दचकले नाही.

कारखान्यात कुणीच कानाने ऐकत नाही. साठ माग एकदम चालतात तिथे कान असून नसल्यासारखे. आम्ही सगळ्या ओठ वाचायचो. पंचवीस हातांवरून एकमेकींच्या सासवांना शिव्या द्यायचो आणि मुकादमाला पत्ता लागायचा नाही. ती सवय घरीही राहिली. मी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलते, म्हणून लोक मला करारी म्हणतात. पाठ फिरवून बोलणारा माणूस मला उद्धट वाटायचा. फोनवर सगळे पुटपुटतात असं वाटायचं. कान कधी गेले ते कळलंच नाही, कारण मला त्यांची गरजच पडली नव्हती. आणि सात महिन्यांच्या पोराच्या ओठांवर कसली अक्षरं असणार? दारामागे तर तेही नाही.

म्हणजे दोन आठवडे रोज दुपारी ती रडून रडून, थकून, नाइलाजाने झोपत होती. तिला मी काय शिकवलं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

त्या संध्याकाळी मी सुनेला सांगायला हवं होतं. ती आली, चपला काढल्या, विचारलं, "झोपली का आज?" मी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि म्हटलं, "झोपली की." सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाळणाघर. आणि मी? खिडकीतली बहिरी म्हातारी, जिच्याशी सगळे मोठ्याने आणि थोडक्यात बोलतात. तशी एक बाई आमच्या कारखान्यात होती. आम्हीच तिची नक्कल करायचो.

कांडीजवळच बसायचं, तर मी दिसले की ती झोपायची नाही, आणि मागच्या खोलीत ताके बघण्याएवढा उजेड नाही. मग मी विणकरणीसारखा विचार केला. मागावर हजारो धागे असतात, एकेकाकडे कोण बघत बसणार? प्रत्येक धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लटकत असते. धागा तुटला की पट्टी पडते आणि माग आपोआप थांबतो. धागाच सांगतो. मी जाड सूत दुहेरी पिळलं, एक टोक कांडीच्या पायमोज्यावरून घोट्याला बांधलं, सैलसर, आमच्या गाठीने. ती गाठ सरकत नाही आणि ताण पडला की सुटत नाही. दुसरं टोक दाराखालून आणून माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला. तिने पाय झाडला की माझा अंगठा ओढला जाई. मी उठायचे, थोपटायचे, ती निजली की परत.

चार दिवसांत ती शिकली. हे मात्र खरोखर शिकली. रडायच्या ऐवजी ती पाय ओढायची. दोन झटके, आणि दाराकडे बघत थांबायची. मी आले की हसायची. घसा बरा झाला. सुनेला चमत्कार वाटला. माझं कौतुक सुरू झालं ते हे. सून तर म्हणाली, "आई, लॅबमध्ये सगळ्या तुमचा पत्ता मागतात." धागा मी पाच वाजता सोडून ताक्यांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवायचे.

पण एका संध्याकाळी सून कांडीला घेऊन पडली होती. कांडी जागी झाली. रडली नाही. तिने पाय दोनदा झटकला आणि दाराकडे बघत राहिली. पुन्हा झटकला. पुन्हा दाराकडे. आई शेजारी होती, तिच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मुलगा हसला. "ही कुणाला बोलावतेय?"

सून हसली नाही. ती कांडीच्या घोट्याकडे बघत होती. मोज्याच्या वर बारीक लाल रेघ होती.

"मोजे घट्ट होतायत," मी म्हटलं. "नवे आण."

तिने नवे आणले. तोवर कांडी झोपेतही लोळायला लागली होती, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पलंगभर. मला ते दिसत होतं. मी धागा थोडा लांब केला, तिला मोकळं व्हावं म्हणून.

शुक्रवारी दुपारी मी एका ताक्यात गुंतले होते. फार खोटी होत्या. अंगठ्याला दोन झटके आले. मी मनात म्हटलं, आले गं, एवढा धागा भरते. आणखी दोन आले. मग एक लांब ओढ. मग काही नाही.

झोपली, असं वाटून मी तो धागा भरून संपवला. गाठ मारली. वर पाहिलं आणि मग माझ्या लक्षात आलं की अंगठ्याला ताण आहे. झोपलेल्या पोराचा धागा सैल पडतो. तुटलेलाही सैल पडतो. जो ताणलेला आहे आणि हलत नाही, तो कुठेतरी गुंडाळला गेलेला असतो. हे मागावरच्या नव्या पोरीलाही पहिल्या आठवड्यात कळतं.

किती वेळ मी तो धागा भरत होते ते मला माहीत नाही. घड्याळ समोर होतं, पण मी पाहिलं नव्हतं.

पलंगात ती पालथी होती. धागा घोट्यावरून कमरेला, कमरेवरून काखेत, कठड्याच्या दोन दांड्यांमधून आत-बाहेर, आणि मग गळ्याला, दोन वेढे. मी दुहेरी पिळलेलं सूत. दातांनी तुटेना. गाठ सुटेना, चांगली मारली होती. या वेळी कात्री माझ्या हातात होती ती केवळ सवयीने. मी कात्रीचं टोक तिच्या कातडीच्या आणि धाग्याच्या मध्ये घातलं. माझा हात हलला नाही. तीस वर्षांचं सगळं त्या एका कापात घातलं.

ओठ निळे होते. मी तिला उचललं, पाठीवर थापटलं. तिचं तोंड उघडलं. मोठं, मंगळवारी पाहिलं होतं तेवढं. पण ते रडणं आहे की नुसतं उघडलेलं तोंड, ते मला कळेना. ऐकू आल्याशिवाय ते कसं कळतं? मी तळहात तिच्या छातीवर दाबला आणि थांबले. अख्ख्या आयुष्यात मी कशासाठी एवढी थांबले नसेन.

मग थरथर लागली. माग चालू होता.

मी मागे वळले तर दारात सून. सकाळी जिन्यात तिला शिंपिणीने गाठलं होतं, ते मला नंतर कळलं. शिंपीण म्हणाली होती, "आधी तुमचं बाळ दुपारी तास-तास रडायचं, आता दहा दिवस अजिबात आवाज नाही, बरं आहे ना?" म्हणून ती अर्धी रजा टाकून आली होती. खालच्या दारापासून तिने हे रडणं ऐकलं होतं आणि जिने धावत चढली होती. तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. धागा अजून लटकत होता.

तिने कांडीला माझ्या हातातून घेतलं. ओढलं नाही, घेतलं. तिच्या गळ्यावरच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाठ केली, तोंड लेकीच्या मानेत खुपसलं आणि बोलायला लागली. तिचे खांदे हलत होते. बराच वेळ बोलत होती. त्यात माझं काय होतं आणि लेकीचं काय, मला एक अक्षर कळलं नाही.

मी अंगठ्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटली नाही.

"माझ्याकडे बघून बोल," मी म्हटलं. "मला ऐकू येत नाही."

तिचे खांदे थांबले. ती हळूच वळली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. ते मिटलेले होते.