दातांच्या डॉक्टरांचा बिनदाताचा पेशंट

मी या तळ्यातला सगळ्यात जाडजूड मासा बोलतोय. दचकू नका. तोंडात गळ नाही, म्हणूनच एवढं मोकळं बोलता येतंय.

माझा जन्म इथल्याच पाणगवतात झाला. भावंडं इतकी, की आईला आमची तोंडंही आठवत नसत. बरीचशी बगळ्याने गट्टम केली. मी वाचलो तो हावरटपणामुळे. खात सुटलो, फुगत गेलो आणि शेवटी बगळ्याच्या चोचीत मावेनासा झालो. त्याच हावरटपणाने पुढे घात केला. पिठाची गोळी दिसली, गिळली आणि सरळ वर खेचला गेलो.

वर होते दातांचे डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी मासे पकडायचे आणि परत सोडायचे, हा त्यांचा छंद. माणसांना स्वस्थ बसवत नाही, त्याला आम्ही काय करणार! सवयीने म्हणाले, "आ करा." तो मी आधीच केला होता. "दुखलं तर हात वर करा." हात कुठून आणू? मी शेपटी वर केली, ती त्यांच्या चष्म्यावर बसली.

गळ त्यांनी अलगद काढला. हात हलका आहे त्यांचा, खोटं कशाला बोलू? पण दात भरण्याआधी तो कोरडा करायचा, ही त्यांची शिस्त. त्यांनी मला नॅपकिनने खसाखसा पुसलं! अहो, आमच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे आमचं चिलखत. तो गेला की नको ते रोग चिकटतात. त्यात त्यांचा मेहुणा फोन रोखून ओरडत होता, "दाजी, अजून वर धरा! हसा!" हसत होते ते दोघंच. माझा जीव कासावीस झाला होता.

पाण्यात परत आलो, पण कुशीवर पांढरा चट्टा उठला, डॉक्टरांच्या पंजाएवढा. कितीतरी दिवस मी तळाशी कण्हत पडून होतो. वाटलं, आटोपला कारभार.

कसाबसा बरा झालो आणि पुन्हा पिठाची गोळी दिसली. जित्याची खोड, दुसरं काय!

या वेळी मला जाळीत घेताच डॉक्टरांना चट्ट्याची खूण दिसली. त्यांनी तिच्यावर आपला पंजा ठेवून पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"दाजी, हाच तो! काढा बाहेर, फोटो घेतो."

"नाही. हा पाण्याबाहेर येणार नाही."

"मग आपल्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"नाही ठेवला तर नाही. माझ्या हाताने याला मारायचं नाहीये मला."

ते ऐकून मला भरून आलं. गळाची तोंडात रुतून बसणारी उलटी अणी त्यांनी आधीच चेपून सपाट केली होती, त्यामुळे तो पाण्यातच सुळकन निघाला. मग पोटाखाली नुसता हात धरून ते थांबले. "सावकाश. घाई नाही." माझ्यात तरतरी आली.

तेवढ्यात मेहुणा फोन घेऊन पाण्यावर ओणवा झाला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. काठावर राहूनही करू नये. जाताजाता मी शेपटीचा असा काही फटका दिला की फोन बुडाला आणि डॉक्टर पोट धरून हसत सुटले.

तुम्हीही पकडाल, तर एवढं करा. मला धरण्याआधी हात ओले करा, म्हणजे माझं चिलखत शाबूत राहील. मला बाहेर काढलंत, की स्वतःचा श्वासही रोखून धरा. तुमचा जीव घाबरला, की समजा माझाही घाबरलाय.

आणि मेहुण्याला सांगा, फोन माझ्या घराशेजारी चिखलात पडलाय. खुशाल न्यायला ये म्हणावं. हात आपोआप ओले होतील.