नर्मदाबाईचं लुगडं

नर्मदाबाईने ज्वारीच्या गरम घाट्याचा गोळा ओल्या फडक्यावर आपटला आणि असा थापला की शेजारच्या कौसाबाईच्या तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडाले. वाळवणाच्या बिबड्या, ज्वारीचे पापड, थापायला शेजारणी अंगणात जमल्या होत्या, आणि धाकटी जाऊ शोभा पुन्हा एकदा लंकेला निघाली होती.

"वारा इतला खारा, का ओठ चाटा का मीठ लागे," शोभा सांगत होती. "अनी तो समुद्र सारखा गरजे. मोटर कितली बी पये, तो सोबतच."

बायकांचे हात थांबले. नर्मदाबाईचे थांबले नाहीत.

मागल्या हिवाळ्यात सासरे हिंमतराव पाटील रामेश्वराला गेले, आणि तिथवर आलोच आहोत तर रावणाचा मुलूखही बघू म्हणून बोटीने लंकेत उतरले. भाड्याची मोटर करून त्यांनी समुद्रालगतच्या सडकेने सगळ्या बेटाला फेरी घातली. सासूबाईंचे पाय चेपायला एक सून सोबत हवी होती. ती नर्मदाबाईच असणार होती. तिची पेटीसुद्धा भरून झाली होती. निघायच्या दिवशी सकाळी तिच्या मुलीच्या अंगावर गोवर उठला आणि तिच्या जागी शोभा गेली. शोभाकडे प्रवासाजोगं धड लुगडं नव्हतं, म्हणून नर्मदाबाईचं नवं डाळिंबी लुगडंही तिच्याबरोबर गेलं. लेकीच्या उशाशी बसल्या बसल्या नर्मदाबाई मनाने त्या लुगड्यामागे हिंडत राहिली.

लुगडं परत आलं तेव्हा पदराचा काठ चावून चावून पार चोथा झाला होता. विचारलं तर शोभा घागर उचलून पाण्याला निघून गेली. नर्मदाबाईने ते पुन्हा अंगाला लावलं नाही. हिने माझा समुद्र तर नेलाच, वर माझं लुगडंही नासवलं, हे काही तिच्या मनातून जाईना. गावात कुणी शोभाला 'लंकावाली' म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

"समुद्रना रंग कसा ऱ्हास वं?" गजराबाईने विचारलं.

"काया," शोभा म्हणाली. "एकदम काया."

काळा म्हटल्याबरोबर नर्मदाबाईने मान वर केली. कितीतरी दिवस ती याचीच वाट पाहत होती.

"आखाजीना सणले तं तू हिरवा सांगा व्हता. आज काया कसा व्हयी गया?"

शोभाचा चेहरा उतरला.

"बोल ना. तू देखा का नही समुद्र?"

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. हिंमतराव शेतावरून आले होते. दोघी सुनांनी मनगटाने पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतले.

"लंकानी गोठ चाली ऱ्हायनी का?" हिंमतराव खुशीत कौसाबाईला म्हणाले. "मी डायवरना बाजूले पुढेच बठेल व्हतू, सासू-सून मांगे. सकायपाईन संध्याकायपावत मोटरमाच. सुनले आख्खी लंका दखाडी."

नर्मदाबाईला पदराखालून वीतभर सारवलेलं अंगण दिसत होतं, आपले पिठाने भरलेले हात दिसत होते आणि शेजारी शोभाचे पाय. वाऱ्याची झुळूक आली. पदर उडू नये म्हणून तिने त्याचा काठ चटकन दातांत धरला.

आणि ती तशीच बसून राहिली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोटरीत. पुढे सासरे, खिडकीतून तो खारा वारा. तिने दातांतला काठ हळूच सोडला.

हिंमतराव आत गेले. पदर वर सरकले, पण कौसाबाई प्रश्न विसरली नव्हती.

"मंग काय वं, काया का हिरवा?"

शोभा घाट्याच्या पातेल्यात बघत होती. नर्मदाबाईने एक शब्द बोलायचा अवकाश, लंकावालीची लंका तिथेच बुडाली असती. तो शब्द तिच्या अगदी ओठांवर आला, आणि तिला तो गोडही लागला.

"दोन्ही," ती म्हणाली. "सकायले हिरवा ऱ्हास. ऊन उतरनं का काया पडस."

"तुले काय ठाऊक?" गजराबाई हसली.

"मन्हं लुगडं गयेल व्हतं ना."

सगळ्या हसल्या आणि पुन्हा थापायला लागल्या. शोभा घाटा घ्यायला वाकली आणि नर्मदाबाईलाच ऐकू जाईल इतक्या हळू तिने विचारलं,

"खरंच का, ताई? असाच ऱ्हास तो?"