खिडकीतला पाठमोरा पंखा

मित्रांनो, मी जुना टेबल पंखा आहे. पण जुना म्हणून माझी कीव करायची नाही, आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात पत्र्याची पाती वाकवून, हिरवा रंग मारून मला घडवलं आणि मी थेट, सगळ्या मुली जिला आत्या म्हणतात, तिच्या शिवणवर्गात आलो. काय थाट होता माझा! मला आपल्याकडे वळवून घ्यायला मुली भांडायच्या. मग छताला नवा पंखा लागला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. जाळीत कोळ्यांनी संसार थाटले. कुणी विचारलं नाही.

पुढे आत्या आजारी पडली. तिला नवी किडनी बसवली. शरीराने ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्या शरीराची लढायची ताकदच कमी करतात. त्यामुळे साथीच्या तापाची लस टोचूनही तिच्या अंगात लसीने हवा तेवढा जोर धरला नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "लस वाया गेली नाही, पण तेवढ्याच भरवशावर राहू नका. आणखी एक डोस घेऊ. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. खोलीत हवा खेळती ठेवा. आणि घरच्यांनीही लस घ्यायची."

दादा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, लगेच म्हणाला, "वर्ग बंद कर. गुपचूप घरात बस."

"बसते की," आत्या म्हणाली, "मशीनवर बसते!"

तिने मला खाली काढलं, मायेने पुसलं आणि खिडकीत ठेवलं, तेही तोंड बाहेर करून. मुली खिदळल्या, "आत्या, कबुतरांना वारा घालताय?"

"कोंदट हवा बाहेर फेकतोय तो. मास्क नाकावर घ्या आणि टीप सरळ मारा."

खरं सांगतो, आधी मला अपमानच वाटला. सगळ्यांकडे पाठ? पण खिडकीसमोरचं दार उघडलं, ताजी हवा माझ्या पाठीतून सळसळत गेली आणि मला चेवच चढला.

एका दुपारी दादा आला. नाक लाल, हातात रुमाल. मुलींपैकी कुणाला ताप नाही ना, असं दरडावून विचारत तो सरळ आत निघाला. आत्याने कापड मोजायची पट्टी दारात आडवी धरली.

"अगं, साधी सर्दी आहे. मी काय परका आहे?"

"सर्दीला नातं कळत नाही, दादा. बरा झालास की ये. आणि लस घेतलीस?"

"राहिलीच बघ. तू घेतलीस ना पण?"

"माझी पुरत नाही, म्हणून तर तुझी मागतेय!"

मशिनी थांबल्या. दादा तोंड फुगवून पायरीवरूनच परत गेला. आत्याचे डोळे भरले, पण पट्टी काही तिने खाली घेतली नाही.

काही आठवड्यांनी तो आला. सर्दी गेलेली, नाकावर मास्क. दंड दाखवत म्हणाला, "टोचून आलो. आता तरी सोडशील?"

"ये. आणि आलाच आहेस, तर बटणं लाव."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत आत्यासारखं कुणी असेल, तर त्यांना कोपऱ्यात बसवून मोकळे होऊ नका. खिडक्या उघडा. आपली लस चुकवू नका. आमचा वर्ग चालूच आहे. शिवण शिकायचं असेल तर खुशाल या. सर्दी झाली असेल, तर बरे होऊन या.