खापरपणजोबांची चढण

आमचे खापरपणजोबा सव्वाशे वर्षांपूर्वी रोज सायकलवरून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे आणि वर पोचल्यावरही त्यांना धाप लागलेली नसायची. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. म्हणून यंदाच्या सुट्टीत मीही त्याच वाटेने निघालो. माझ्या सायकलला एकवीस गिअर, त्यांच्या सायकलला एकही नव्हता. तरी पहिल्याच वळणावर माझ्या तोंडाला फेस आला. आठवडाभर रोज गेलो आणि रोज अर्ध्या वाटेतून तोंड पाडून परत आलो.

शेवटी आत्याने विचारलं, "एकटाच जातोस का रे?"

"मग काय फौज घेऊन जाऊ?" मी खेकसलो.

आत्याने भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवून फ्रेम मागून उघडली. फोटोची एक बाजू मागे दुमडलेली होती. ती तिने सरळ केली. खापरपणजोबा ताठ मानेने सायकलवर बसलेले, आणि त्यांच्यामागे सीटला दोन्ही हात लावून वाकलेला एक अनवाणी माणूस.

"हा ढकलायचा," आत्या म्हणाली. "याला धाप लागायची की नाही, ते मात्र आपल्या घरात कुणी सांगत नाही."