शाडूची नांगी

हे लिहिणारच नव्हतो. कारण यातली अर्धी चूक माझी आहे.

"माझं नाव कुठाय रं?" सखानं काचेवर बोट ठेवून विचारलं.

रोह्याचं ते संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. आपल्याच खाड्यांत सापडलेले, दगड झालेले शंख-शिंपले. आणि सखाचा खेकडा. सखा माझा मित्र, पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात कारागीर. दोन वर्षांपूर्वी खाडीच्या चिखलात त्याला हा दगडी खेकडा मिळाला, तो त्यानं इथं दिला. आज पहिल्यांदाच बघायला आलेला, इस्त्रीचा शर्ट घालून, मला सोबत घेऊन. नावाचा फोटो आईला दाखवायचा होता.

कार्डावर 'शोधणारा' लिहिलेलं, पुढे कोरं. खेकड्याची डावी नांगी गायब.

संग्रहालय बघणाऱ्या निशिगंधा मॅडम आल्या. "साफ करताना नांगी हातातच आली. शाडूची! तज्ज्ञ म्हणाले, ही फसवणूक आहे. नाव काढावं लागलं."

सखाला नवलच वाटलं. "मग मोडका देनार व्हय? बोट तुटलेला गणपती आमी कारखान्याभायेर सोडत नाय. दोन दिस खपलो मॅडम. रंग पन जुळवला."

"पण देताना भरलेल्या फॉर्मवर तर लिहिलंय, जसा सापडला तसा."

सखानं फॉर्म बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

फॉर्म मी भरला होता. तो नांगी बसवत होता तेव्हा मी शेजारीच चहा पीत होतो. मला माहीत होतं. पण अख्खा खेकडा भारी दिसत होता, दिलं लिहून.

मॅडमसमोर तिथंच बोलायला हवं होतं.

"चुकलं माझं," सखा म्हणाला.

मॅडम जरा नरमल्या. "खरं काय झालं ते लेखी द्या. नाव परत लावते." नांगी कागदात गुंडाळून त्यांनी त्याला परत दिली.

पेणच्या गाडीत त्यानं कागद उघडला. "काय झ्याक बसलेली रं."

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुझं थोबाड बघितलं. रडशील वाटलं." तो हसला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आईला काय दाखवू आता?"

"उद्या कंपनीतली पहिली शिफ्ट सुटली की धाटाववरनं सरळ रोह्याला मॅडमकडं जातो, लेखी घेऊन," मी म्हणालो. "फॉर्म मी भरला, हीच पहिली ओळ."