व्हिसाच्या फोटोमागचा पडदा

मी एक जुना पडदा आहे आणि माझ्यावर काहीही नाही. फूल नाही, वेल नाही, काठ नाही, साधी रेघसुद्धा नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग सांगण्यासारखं तुझ्याकडे आहे तरी काय? जरा धीर धरा. तुमच्या घरच्या कपाटात पासपोर्टसोबत जपून ठेवलेले दोन-चार फोटो असतील. त्यातल्या माणसाच्या कानामागे जे पांढरं दिसतं, ते माझ्यासारख्याच कुणाचं तरी अंग असतं.

गिरणीतून निघालो तेव्हा मी ठाणातला शेवटचा तुकडा होतो. दुकानदार मला चादरीसाठी विकणार होता, पण एका फोटोवाल्यांनी मला उचललं. त्यांच्या बायकोने माझ्या वरच्या कडेला दांडी जाण्यापुरती पट्टी शिवली आणि मी स्टुडिओच्या भिंतीवर चढलो. तिथे माझ्याआधीपासून एक रंगवलेला पडदा होता. त्याच्यावर तळं, तळ्यावर पूल आणि पुलावर भरदिवसा चंद्र. येणारा जाणारा त्याच्याकडेच बघायचा. मी त्याच्या मागे मुकाट्याने दिवस काढत होतो, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात जळत होतो.

मग एक दिवस समोरच्या इमारतीत एक कार्यालय उघडलं. परदेशी फिरायला जाणाऱ्यांचे व्हिसाचे अर्ज तिथे घेऊ लागले आणि आमच्या स्टुडिओचे दिवस पालटले. फोटोवाल्यांनी आरशाशेजारी नियमांचा एक कागद चिकटवला. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चष्मा काढलेला. चेहऱ्यावर सावली नको. आणि मागे पांढरं, नुसतं पांढरं. तळ्यावाल्या पडद्याची रवानगी माळ्यावर झाली. माझ्यावर काहीच नव्हतं, म्हणून तर माझी निवड झाली! आयुष्यात पहिल्यांदाच माझी कॉलर ताठ झाली, म्हणजे मला कॉलर असती तर झाली असती.

बाकावर नेहमी चार-सहा माणसं बसलेली असत. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. पासपोर्टची मुदत परतल्यावरही सहा महिने उरते ना, हॉटेलचं बुकिंग जोडलं का, परतीचं तिकीट दाखवावं लागतं का, विमा काढला का, हे सगळं ती एकमेकांना विचारायची. अनोळखी माणसांना इतक्या आपुलकीने एकमेकांचे कागद तपासताना मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही, अर्थात मी दुसरीकडे कुठे गेलेलोही नाही.

मग एकेक जण माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसे. हसायचं नाही, हलायचं नाही, समोर बघायचं. चेहरा असा सक्तीने गप्प बसवला की माणसाचं मन मोकाट सुटतं. ते मला मागून कळायचं. मान ताठ असायची आणि माणूस मात्र कधीच पोचलेला असायचा. कुणी बर्फात पाय रोवून उभा, कुणी लाकडी जिन्याने दीपस्तंभावर चढतोय, कुणी भाषा न कळणाऱ्या बाजारात नुसता हिंडतोय. त्या अर्ध्या मिनिटात मीही त्यांच्या मागोमाग जायचो. मग दिवा चमकायचा आणि आम्ही दोघंही परत यायचो.

पुढे मला एक वेड लागलं. वाटायचं, प्रत्येक फोटोबरोबर माझा नखाएवढा तुकडा खरोखरच निघून जातो. तो अर्जावर चिकटतो, टपालाच्या पोत्यात झोपतो, कुठल्याशा दूरच्या टेबलावर जागा होतो. माझे किती तुकडे जगात कुठे कुठे असतील याचा विचार करत मी दुपारभर पंख्याच्या वाऱ्यावर डोलत बसायचो.

या डोलण्यात मी स्वतःकडे बघायचं विसरलो. फोटोवालेही विसरले. त्यांच्या बायकोला नातवंडांमागे सवड नव्हती, आणि मला धुवायला काढायचं म्हणजे अख्खा दिवस धंदा बंद. आज काढू, उद्या काढू करत वर्षं गेली. डोक्यांचं तेल, दिव्यांची धग आणि रस्त्यावरची धूळ खाऊन मी कधी पिवळा पडलो, ते मलाच उमगलं नाही. फोटोवाल्यांनी मात्र त्यावर तोड काढली. कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की माझा पिवळेपणा गायब. म्हणजे फोटोतून मीच गायब. वाईट वाटलं, पण गप्प बसलो. काम चाललंय ना, मग कशाला बोला, असा माझा स्वभाव.

अशात एक दिवस मावशी आल्या. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांनी एकतीस वर्षं चादरी धुतल्या होत्या. हात लाल, खरखरीत, आणि केस अगदी पांढरेशुभ्र. फोटो काढता काढता फोटोवाल्यांनी सहज विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. धाकटी बहीण परदेशी राहते. एकोणीस वर्षांत भेट नाही. तिचा एक डोळा आधीच गेलेला आणि दुसऱ्याच्या आतला पडदा सुटत आलेला. फोनच्या व्हिडिओवर तिला मावशी दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो. अगदी जवळ बसलेलं माणूस तेवढं अंधुक कळतं. महिनाअखेर तिचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी हमी दिली नव्हती.

मावशी म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी एकदा बघू दे तुला, म्हणते. नंतर दिसेल न दिसेल."

तीस दिवसांचा पर्यटन व्हिसा मागायचा होता. ऑपरेशनच्या दहा दिवस आधी पोचायचं आणि परतीच्या तिकिटाच्या तारखेला निघायचं, असा हिशेब होता. फोटोवाल्यांनी फोटो काढला, बटण दाबलं, पाकीट हातात दिलं. मावशी समोरच्या इमारतीत गेल्या.

आठवड्याने त्या पुन्हा आमच्या दारात उभ्या होत्या. हातात तोच फोटो आणि सोबत एक चिठ्ठी. छायाचित्रात फेरफार केलेला आहे, डोक्याची कड दिसत नाही, नवीन छायाचित्र सादर करावे. फोटोवाल्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. कॉम्प्युटरने माझ्याबरोबर मावशींचे पांढरे केसही पुसून टाकले होते. फोटोत कपाळाच्या वर काहीच नव्हतं.

फोटोवाले पुन्हा पुन्हा माफी मागू लागले. उद्याच बाजारातून नवं कापड आणतो म्हणाले. मावशींनी ऐकून घेतलं, आणि मग उठून सरळ माझ्याकडे आल्या. त्यांनी माझी कड दोन बोटांत धरली आणि चोळून पाहिली. इतक्या वर्षांत मला असं कुणी पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली.

"नव्या कापडाला खळ असते. दिव्याखाली चमकेल, आणि पुन्हा परत पाठवतील," त्या म्हणाल्या. "हा चांगला आहे, भाऊ. पिवळा नाही झालेला, नुसता धुतलेला नाही."

त्यांनी मला दांडीवरून उतरवलं, घडी घातली आणि काखेत मारून घरी नेलं. मित्रांनो, माझा आयुष्यातला हा एकमेव प्रवास, तीन गल्ल्यांचा. त्यांच्या मोरीत मी गार पाण्यात भिजलो. मग धुण्याचा सोडा घालून मोठ्या पातेल्यात उकळलो, आणि माझ्यातून जे पाणी निघालं ते बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार पाण्यांतून मला काढलं. शेजारीण म्हणाली, थोडी नीळ घाला, उजळेल. मावशींनी मान हलवली. निळसर झाक आली तर कार्यालयवाले तेच धरून बसतील, म्हणाल्या. उन्हात वाळत होतो तेव्हा ढग माझ्यावरून सरकत होते आणि कित्येक दिवसांनी मला पुन्हा दूरदूरचं काहीबाही दिसू लागलं. जरा ओलसर असतानाच त्यांनी मला इस्त्री केली. त्यांची जीभ दातांखाली होती, आणि त्या अधूनमधून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्यांनी स्टूल माझ्यापासून दोन हात पुढे घेतलं, म्हणजे सावली पडणार नाही, आणि दिवा बाजूने लावला. या वेळी बटणाला हातही लावला नाही. फोटोत पांढऱ्यावर पांढरा केस न् केस वेगळा दिसत होता. व्हिसा मंजूर झाला.

पण अकरा दिवस गेले होते. जाण्याचं तिकीट पुढे ढकलता आलं, परतीची तारीख मात्र अर्जातल्या जुन्या हिशेबानेच व्हिसावर छापलेली. मावशी विमानातून उतरल्या त्याच्या आदल्याच दिवशी धाकटीचं ऑपरेशन झालं होतं.

हे मला कळलं मावशी परत आल्यावर. त्या स्टुडिओत येऊन बाकावर बसल्या. फोटोवाले कॅमेरा बाजूला ठेवून समोर बसले. मावशी सांगू लागल्या की उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, आमच्या देशात काय काय बघणार? त्या म्हणाल्या, बहीण. तो हसला आणि शिक्का मारला.

डॉक्टरांनी धाकटीच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. पडदा नीट चिकटावा म्हणून तिला दिवसरात्र पालथं झोपवलं होतं. तिचं तोंड पलंगाच्या टोकाबाहेर खाली असे; मावशी त्याच्या खाली जमिनीवर उताण्या पडायच्या, म्हणजे तोंड समोरासमोर येई, आणि तशाच लहानपणच्या गोष्टी काढायच्या. धाकटीला काही दिसत नव्हतं, पाण्याखालून बघावं तसं सगळं हलायचं. दहा दिवसांनी तिला उठून बसायला परवानगी मिळाली. पुढे बुडबुडा रोज थोडा थोडा लहान होत गेला, आणि तिला वरून खाली दिसायला लागलं, भांड्यातलं पाणी उतरत जावं तसं.

"आधी माझे केस दिसले तिला," मावशी म्हणाल्या. "मग दोन दिवसांनी कपाळ. मग डोळे. निघायच्या सकाळी ओठापर्यंत आली होती."

फोटोवाल्यांनी विचारलं, मग?

"मग काय. माझे दिवस संपले. हनुवटी राहिली."

फोटोवाल्यांनी खाली मान घातली. ते म्हणाले, माझ्यामुळे तुमचे अकरा दिवस गेले, मावशी. ऑपरेशनच्या आधी तिने तुम्हाला अंधुक का होईना, अख्खं पाहिलं असतं.

"हो, पाहिलं असतं," मावशी म्हणाल्या. त्यात राग नव्हता, पण त्यांनी नाही असंही म्हटलं नाही.

मित्रांनो, ते दिवस त्यांचे होते आणि माझ्यामुळे गेले. फोटोवाले म्हणतात चूक त्यांची, पण मी काय कमी दोषी आहे? जगभर हिंडण्याची स्वप्नं बघत बसलो आणि अंगावर मळ चढत होता तिकडे कानाडोळा केला. मागे उभ्या राहणाऱ्या वस्तूंकडे कुणाचं लक्ष जात नाही. दाराची कडी, छत्रीची काडी, चष्म्याचा स्क्रू, माझ्यासारखं एखादं कापड. त्यांना वेळच्या वेळी पुसा, धुवा, घट्ट करा. त्या बिघडल्या की नुकसान त्यांचं होत नाही, त्यांच्यावर विसंबलेल्या माणसाचं होतं, आणि गेलेला दिवस कोणत्याच सोड्याने परत येत नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्टुडिओ बंद असतो आणि मी मोरीत असतो. धंदा बुडतो म्हणून फोटोवाले कुरकुर करत नाहीत.

काल मावशी पुन्हा आल्या. जुना व्हिसा एकाच खेपेचा होता आणि जुन्या फोटोला सहा महिने उलटून गेले होते, म्हणून सगळं पहिल्यापासून. धाकटीला आता बरंच दिसतं, फक्त सरळ रेषा तिला थोड्या वाकड्या दिसतात. फोनवर ती रोज विचारते, कधी येतेस? समोरच्या इमारतीत गर्दी होती म्हणून फोटोवाल्यांनी अर्जही इथेच भरायला घेतला. जाण्याचं कारण, पर्यटन, असं म्हणत त्यांनी लिहायला सुरुवात केली.

"लिहा, पर्यटन लिहा," मावशी म्हणाल्या. "हनुवटी दाखवायला चाललेय, असं लिहायला त्यांच्याकडे रकाना कुठे आहे."

मग त्या स्टुलावर येऊन बसल्या. हसायला बंदी होती, तरी त्यांना दोनदा हसू आलं आणि दोनदा फोटो वाया गेला. तिसऱ्यांदा त्या गप्प झाल्या, समोर बघू लागल्या, आणि मला मागून कळलं की त्या बहिणीच्या खोलीत पोचल्यासुद्धा. या वेळी मी त्यांच्या मागोमाग गेलो नाही. जागच्या जागी ताठ राहिलो आणि अंगावर एकही सुरकुती पडू दिली नाही.