चारही खूर साफ

कळसाडीच्या रतिलालभाईंना घोड्याचं तोंड उघडून दाखवा, दातांवर एक नजर टाकून ते वय सांगणार, आणि सहसा चुकणार नाहीत. सारंगखेड्याच्या यात्रेत लांबलांबचे घोडेवाले जनावर पसंत करण्याआधी त्यांना शोधत यायचे. स्वतःच्या तोंडात मात्र सहाच दात उरलेले, तेही हलणारे. वय विचारलं की गडी साठीवरच अडून बसायचा. खरं तर अडुसष्ट पूर्ण झाली होती. प्रमिलाबाईंना ते पक्कं ठाऊक होतं, कारण लग्नात ते बावीसचे होते आणि त्या लग्नाला यंदा शेहेचाळीस वर्षं झाली होती.

केळीचा बाग आणि कापूस मुलाने, भूपेंद्रने, हातात घेतल्यापासून रतिलालभाईंचा सगळा जीव केवडी घोडीत. केवडीने दोनदा खोकलं तर दोंडाईच्याहून जनावरांचा डॉक्टर येणार. केवडीने अर्धा चारा टाकला तर हे उपाशी. घरात मात्र दुसराच न्याय. दीड वर्षापूर्वी गावच्या शाळेत तपासणी शिबिर झालं, तिथे फुकट चष्मा मिळतो म्हणून गेले आणि रक्तात भरपूर साखर घेऊन परत आले. नर्सबाईंनी चार वेळा बजावलं, गोळ्या लिहून दिल्या.

"मशीन बिघडेल व्हई," रतिलालभाई म्हणाले. "मी काय साखरना कारखाना शे?"

पारावर सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. प्रमिलाबाई रोज चहाबरोबर गोळी हातावर ठेवायच्या. ते "घेस, घेस" म्हणायचे. पंधरा दिवसांनी सदरा धुताना खिशातून गोळ्यांचा पांढरा लगदा निघाला. प्रमिलाबाई तो लगदा हातात घेऊन मोरीपाशी कितीतरी वेळ बसून राहिल्या. लहान मूल असतं तर नाक दाबून गोळी घातली असती. या एवढ्या मोठ्या माणसाचं काय करायचं?

यंदा दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी ते पाय धुवायला बसले, तर उजव्या पायाची चप्पल निघेना. ओढून काढली तेव्हा कळलं, घोड्याच्या नालाचा एक जुना खिळा तळव्यातून आत गेला होता. सकाळपासून ते तसेच शेतात, तबेल्यात, पारावर फिरले होते.

"दिवसभर खिळा पायमा, पन मले पत्ता नही!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर चप्पल वर धरून ते भोक सगळ्यांना दाखवलं. "आजकालना पोऱ्या ऱ्हाता तं रडी पडता."

"जुनं हाड शे, रतिभाई," कोणीतरी म्हणालं. त्या शब्दांवर त्यांचे पुढचे आठ दिवस आनंदात गेले.

साखरेने पाय बधिर होतात, लागलेलं कळत नाही, असं नर्सबाई शिबिरात बोलल्या होत्या, ते प्रमिलाबाईंच्या डोक्यातून मात्र गेलं नव्हतं.

"दुखत नही, हाईच तं वाईट शे," त्या म्हणाल्या. "दवाखानामा चला. पाय दखाडा."

"त्यामा काय दखाडनं? यात्रा व्हऊ दे, मंग जासूत."

दत्तजयंतीची यात्रा म्हणजे या घरात सणांचा सण. शिवाय घराची एक रीत. सगळे लोक आपापली घोडी टेम्पोत घालून सारंगखेड्याला नेतात, पण रतिलालभाईंच्या वडिलांपासून या घरची घोडी पायीच जाते आणि मालक लगाम धरून तिच्याबरोबर चालतो. एकमुखी दत्तासमोर दोघं धुळीच्या पायांनी उभी राहतात. ती रीत रतिलालभाईंनी एकदाही मोडली नव्हती. आता दवाखान्यात गेलं की डॉक्टर चालायला बंदी घालणार, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं. म्हणून दवाखानाच नको.

औषध त्यांनी घरच्या घरी काढलं. घोड्याचा खूर सडला की लावतात ते मोरचूद आणि कडुनिंबाचं तेल. घोड्यांचे पाय त्याने बरे होताना त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, मग आपला पाय काय वेगळा? पण घोड्याचा पाय ते उचलून बघायचे. स्वतःचा तळवा बघायला कंबर वाकत नव्हती, आणि नजरही वर्षभरापासून धूसर. तेव्हा चाचपून लावायचे, वर चिंधी आणि चिंधीवर मोजा. घरातही मोजा, झोपतानाही मोजा. विचारलं की म्हणायचे, "थंडी कितली शे!" प्रमिलाबाई पायाकडे हात नेत, तर ते पाय आखडून घेत. बायकोने पाय धरायचे ते पाया पडायला, तपासायला नाही, असा त्या घरचा जुना कायदा.

प्रमिलाबाईंनी भूपेंद्रला गाठलं. तो म्हणाला, "माय, तूच सांग. मन्हं ऐकतस का बाबा?" चाळिशीचा बाप्या, पण वडिलांसमोर त्याची जीभ उचलत नसे. मग प्रमिलाबाईंनी नवस बोलून पाहिला, अबोला धरून पाहिला. अबोल्याने तर रतिलालभाईंची सोयच झाली.

मग वास यायला लागला. आधी अंथरुणाला, मग ओट्यावर, मग ते बसतील तिथे.

"केवडीना खूर सडी ऱ्हायना," रतिलालभाई काळजीने म्हणाले. "तोच वास मन्हा आंगले लागस."

हे ते खोटं बोलत नव्हते, आणि प्रमिलाबाईंना सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. यात्रा आठ दिवसांवर आलेली. रतिलालभाईंनी घाईघाईने शहाद्याहून शब्बीर नालबंदाला बोलावलं, घोडीला नवे नाल ठोकायला आणि तिचा सडका खूर तासायला.

शब्बीर तीस वर्षं या घरात येत होता. मोटारसायकल लावून त्याने कमरेला चामडं बांधलं, केवडीच्या मांडीवर थोपटलं, तसा तिने आपणहून पाय दिला. त्याने खूर आपल्या गुडघ्यांमध्ये धरून तासला, सुरीचं पातं नाकाशी नेलं आणि पाय खाली सोडला. दुसरा पाय. तिसरा. चौथ्याला त्याने जास्तच वेळ लावला. रतिलालभाई बाजूला खाटेवर बसून होते आणि प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या. त्या मनातल्या मनात दत्ताला विनवत होत्या, चौथ्या खुरात तरी सड निघू दे रे. निघालाच तर सडका खूर घोडीचाच निघू दे.

"घोडी साफ शे, रतिभाई," शब्बीर म्हणाला. "चारी खूर साफ."

"मंग वास कसाना येस?"

शब्बीर उकिडवा खाटेजवळ सरकला. मोज्याकडे बघितलं, मग वर रतिलालभाईंच्या तोंडाकडे. मग घोडीला थोपटतो तसं त्यांच्या मांडीवर हलकेच थोपटून म्हणाला, "पाय द्या."

आणि रतिलालभाईंनी दिला. महिनाभर बायकोला न दिलेला पाय त्यांनी मुकाट्याने नालबंदाच्या मांडीवर ठेवला. प्रमिलाबाईंना त्या क्षणी रागही आला आणि रडूही. आपणही नालबंद व्हायला हवं होतं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मोजा निघेना. शब्बीरने पाणी घालून तो भिजवला आणि सावकाश सोलून काढला. तळव्यात लिंबाएवढा खड्डा पडला होता. कडेने मांस काळं झालं होतं, दोन बोटंही काळी पडली होती. शब्बीरने त्या खड्ड्याशेजारी अंगठा रोवला.

"लागस का?"

"नही," रतिलालभाई ऐटीत म्हणाले. "दाब अजून."

शब्बीरने जोर लावून दाबलं. पाणी आणि पू अंगठ्यावरून खाली ओघळला. रतिलालभाई घोडीकडे बघत बसले होते. शब्बीरने पाय अलगद खाली ठेवला आणि उठून प्रमिलाबाईंजवळ आला.

"भाभी, गाडी काढाले लावा. आत्तेच." तो अंगठा चामड्याला पुसत म्हणाला, "मी दाबस, घोडं पाय झटकस, तवय मले धीर येस. रतिभाईनी झटकाच नही."

दुपारपर्यंत ते नंदुरबारच्या दवाखान्यात पोचले. गाडीत रतिलालभाई भूपेंद्रला केवडीच्या चाऱ्याचं सांगत होते, पट्टी बांधून रातोरात परत यायचं म्हणत होते. प्रमिलाबाईंच्या हातात त्यांची उजव्या पायाची चप्पल होती, भोक पडलेली. घेऊन कशाला आलो, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने रक्त तपासलं, पाय फिरवून फिरवून पाहिला आणि प्रमिलाबाई आणि भूपेंद्रला दाराशी बोलावलं.

"पाय काढावा लागणार आहे. उशीर झालाय. कुठपर्यंत, ते सगळ्या तपासण्या झाल्यावर ठरेल. जेवढा वाचवता येईल तेवढा वाचवू."

भूपेंद्र भिंतीला टेकला. प्रमिलाबाईंना रागवायलाही आता कोणी उरलं नव्हतं. त्या खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, डोळे मिटा," डॉक्टर म्हणाली. "मी टोचेन. टोचल्यासारखं वाटलं की 'हां' म्हणायचं."

रतिलालभाईंनी शहाण्या मुलासारखे डोळे घट्ट मिटले. सुई अंगठ्याला लागली. ते गप्प. प्रमिलाबाई मनात म्हणाल्या, देवा, बोटं गेली तर जाऊ दे, बोटांवाचून माणूस चालतो. सुई टाचेला लागली. ते गप्प. टाच पण घे. सुई घोट्याला लागली, घोट्याच्या वर लागली. एवढं नको रे, निदान काठी घेऊन उभं राहता येईल एवढं ठेव. सुई नडगीवरून एकेक बोट वर सरकत होती. रतिलालभाईंच्या चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही.

"बेटा, चालू करा ना," ते डोळे न उघडता म्हणाले. "मी कवयना वाट दखी ऱ्हायनू."

डॉक्टरने प्रमिलाबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सुई गुडघ्याच्या वाटीला लागली.

"हां!" रतिलालभाई खूश होऊन म्हणाले. "आते लागनं. दख वं प्रमिला, आते टोचाले चालू करं तिनी."